एकाच यादीतले दोघे

पहाटे ५.४०

उशाखालचा फोन गुरगुरतो. गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. रात्रीचा रस्ता, चारचाकीचा उजेड, बांध ओलांडून उसात शिरणारा बिबट्या आणि मागून कुणाचं तरी ‘आरं आरं आरं’. खाली ओळ : ‘आपल्या शिवारातला, कालचा.’ तो कालचाही नाही आणि आपल्या शिवारातलाही नाही. गेल्या हिवाळ्यात हाच बिबट्या, हाच बांध आणि हेच ‘आरं आरं’ तीन तालुक्यांच्या ग्रुपवर फिरून गेलं होतं. मी अकलूजचा वार्ताहर, त्यामुळे असल्या गोष्टी आधी माझ्याकडे येतात आणि खरं-खोटं करायचं कामही बिनपगारी माझ्याच गळ्यात.

दुसरा मेसेज मात्र वेगळा आहे. नीरेकाठच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने एकच फोटो टाकलाय, ओल्या सरीतला ठसा आणि मापाला शेजारी काडेपेटी. पोरं शहाणी झालीत. काडेपेटी ठेवली की फुशारकी मारता येत नाही. पाच बोटांत तो ठसा झाकायचा तर माझा तळवा पुरा पडला असता, एवढाच तो आहे. पण चांगला रेखीव आहे.

बुधवार, १० डिसेंबर २०२५. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू आहे आणि तिथेही बिबट्याच चाललाय. मी स्वेटर चढवतो.

सकाळी ७.१५

कारखान्यांची धुराडी धुक्यात बुडालीत, मळीचा वास तेवढा वर आलाय. रस्त्यावर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत डुलत चाललेत. गाळप भर रंगात आहे आणि नेमका ह्याच दिवसांत बिबट्या दिसायला लागतो, कारण त्याचं घर कोयत्याखाली येतं. बाळंतपणं उसात, पिल्लं उसात, आणि एक दिवस सकाळी टोळी येऊन भिंती पाडायला लागते.

शेतावर पंधरा-वीस माणसं आधीच जमलीत. वनरक्षक मॅडम माझ्या आधी पोचल्यात. त्यांच्याकडे एक मोटारसायकल, प्लास्टरची पिशवी, पाण्याची बाटली आणि गावांची यादी संपता संपत नाही एवढी हद्द. पहिलं काम त्यांनी केलं ते ठशावर पाटी पालथी घालून ठेवायचं, नाहीतर बघ्यांनी तो केव्हाच तुडवला असता.

“नखं दिसत्यात का बघा,” त्या मला वाकायला लावतात. “कुत्र्याची दिसतात, तरसाची दिसतात. हा नखं आत ओढून चालणारा. आणि मागची गादी बघा, खालून तीन फुगीर.” मग प्लास्टर कालवून ओततात आणि सुकेपर्यंत पंचनाम्याचा कागद मांडीवर घेतात. बिबट्याने काहीच खाल्लेलं नाही, त्यामुळे पंचनाम्यात लिहायचं काय हा त्यांना प्रश्न. ‘ठसे आढळले’ एवढंच.

शेतकऱ्याला घाई आहे. आडसाली ऊस, तोडीची पाळी आलेली, आणि टोळी उसात शिरायला तयार नाही. मुकादम बीडकडचा, मफलरातून फक्त डोळे दिसणारा.

“साहेब, मी कोयते आणलेत उचल घेऊन. लेकरं कोपीत झोपत्यात. कोपीला दार असतंय का?”

नसतंच. वाढ्यांची आणि ताडपत्रीची ती कोपी, पुढून उघडी. पहाटे चारला बाई चुलीपुढे बसते तेव्हा तिची उंची, अंधारात, बिबट्याला शेळीएवढीच दिसते. ह्या विषयावर जी व्याख्यानं होतात त्यांत शेतकरी असतो, वनखातं असतं, प्राणिप्रेमी असतात. दार नसलेली ही कोपी त्यांत क्वचित येते.

“पिंजरा कधी लावता?” चारी बाजूंनी तोच सवाल. मॅडम कॅमेऱ्याची पट्टी बांधावरच्या लिंबाला आवळत म्हणतात, “आधी दोन रात्री हे बघू द्या. पिंजऱ्याची परवानगी वरून येती. आणि धरला, नेला, तर मोकळ्या जागेत दुसरा येतो. ह्याला निदान माणसांची सवय तरी असंल.” हे वाक्य कुणालाच आवडत नाही. मला ते खरं वाटतं, आणि मी ते बातमीत घालणार नाही हेही मला तेव्हाच ठाऊक असतं. उद्या त्यांनाच साहेबांपुढे उभं राहावं लागेल.

१०.३०

बसस्थानकासमोरची टपरी. टीव्हीवर विधानभवन. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे चक्क बिबट्याचा वेश करून अधिवेशनाला आलेत. ठिपक्यांचं अंग, वर माणसाचा चेहरा. टपरी हसते, मग हळूहळू हसायची थांबते, कारण जुन्नरला काय चाललंय हे इथं सगळ्यांना माहीत आहे. ह्याच अधिवेशनात वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशेब मांडलाय : एका मृत्यूला पंचवीस लाख भरपाई, चार माणसं गेली की एक कोटी, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबट्या गावाकडे यायचा नाही.

“शेळ्या कुठल्या जंगलात सोडणार?” टपरीवाला ग्लास विसळत विचारतो. “आपल्याकडं जंगल कुठंय? शेळ्या सोडल्या तर त्या बी उसातच शिरत्याल.”

विधानसभेच्या सगळ्या चर्चेत मला एवढा नेमका मुद्दा ऐकायला मिळाला नाही.

डेस्कचा फोन येतो : “तुमच्याकडची प्रतिक्रिया पाठवा. आणि ते अनुसूची प्रकरण काय आहे, चार ओळींत सांगा.” चार ओळींत होत नाही, पण सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आधी त्याला सहा अनुसूच्या होत्या. २०२२ ची दुरुस्ती लोकसभेत ऑगस्टमध्ये आणि राज्यसभेत डिसेंबरमध्ये मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून चारच राहिल्या. पहिलीत सगळ्यांत कडक संरक्षण. बिबट्या पहिलीत. पहिलीतल्या प्राण्याला मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाने अकराव्या कलमाखाली लेखी कारण द्यायचं : माणसाच्या जिवाला धोका आहे, आणि धरून किंवा बेशुद्ध करून भागत नाही. आता मागणी आहे की त्याला दुसरीत टाका. दुसरीत गेला की एक वेगळंच दार किलकिलं होतं : केंद्राला वाटलं तर बासष्टाव्या कलमाने एखाद्या भागापुरता, ठरावीक मुदतीपुरता तो ‘उपद्रवी’ ठरवता येतो. आणि ह्या यादीतून त्या यादीत न्यायची सही केंद्राचीच, कलम ६१. नागपुरात कितीही टेबलं बडवली तरी राज्याला विनंतीच करता येते.

“म्हणजे आज काही निर्णय नाही?”

“नाही.”

“मग वेशाचाच फोटो मोठा घेऊ.”

१२.१०

तलाठी कार्यालय. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. फळ्यावर तसं लिहिलंय, बाहेरच्या रांगेत मात्र ‘भाऊसाहेब’च चालू आहे. माझं काम वेगळंच होतं, एका गायरानाचा उतारा बघायचा. गावकऱ्यांची तक्रार आहे की चराईची जमीन सौर प्रकल्पाला चाललीय आणि ग्रामसभेत कुणी विचारलं नाही. गायरानं अशी लागोपाठ दिली जातायत. शेतीपंपाला दिवसा वीज हवी हेही काही खोटं नाही. त्यामुळे कुणाच्या बाजूने लिहावं ह्यावर मी गेला महिनाभर अडकलोय.

उताऱ्याकडे बघताना जी गोष्ट दर वेळी खुपते ती आजही खुपते. लागवडीखालची जमीन म्हटली की जिरायत, बागायत. उरलेल्याला पोटखराबा. मुलकी पड, गायरान. मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीतही पीक नसलं की ‘चालू पड’ नाहीतर ‘कायम पड’. माळ हा शब्द कुठेच नाही. ज्या जिल्ह्याची निम्मी ओळख माळरान आहे त्याच्या महसुली कागदात माळ नाही. आहे ते फक्त ‘अजून काही पिकत नाही’ ह्याचे निरनिराळे प्रकार.

वनाच्या बाजूनेही तेच. १९९६ च्या १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं की वन म्हणजे कोशात ‘वन’ शब्दाचा जो अर्थ आहे तो. निकाल मोठा होता, त्याने देशभर झाडं वाचली. पण वन म्हटलं की डोळ्यांपुढे झाडी येते, माळ येत नाही. महसूल म्हणतो पडीक, वन म्हणतं विरळ. दोन्ही खात्यांना त्याचं काहीतरी ‘करायचं’ असतं.

दुपारी १.४५

घरी जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. आई म्हणते, “करमाळ्यासारखं नको व्हायला बाबा.”

पाच वर्षं झाली. डिसेंबर २०२०, करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने तिघांचे जीव घेतले; त्याआधी बीड-नगरकडे त्याने माणसं मारलेली. पिंजरे, शार्पशूटर, गस्त. १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो संपला आणि त्या रात्री आमच्या इथे फटाके वाजले. मीही त्या बातमीवर होतो. परवानगी अकराव्या कलमाचीच होती, अनुसूची पहिलीच होती. तेव्हा कायदा आडवा आला नव्हता. वेळ लागला तो बिबट्या शोधायला. हे आईला सांगत बसत नाही. ती आणखी एक भाकरी वाढते.

३.४५

पिलीवच्या वाटेवर कालवा मागे पडतो आणि गाडीच्या काचेत रंगच बदलतो. इकडे हिरवं, तिकडे पिवळं. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं आणि सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून आमच्या तालुक्याचे दोन तालुके झालेत. एकाला पाणी मिळालं आणि दुसऱ्याला मेंढरं. पुढे १९८० च्या सुमाराला भीमेवर उजनी झालं आणि करमाळा, माढा, मोहोळचा माळही हिरवा होत गेला.

मेंढपाळ आबा ओढ्याकाठी वाघरं लावत होते. मेंढरं शंभराच्या वर, दोन घोडी, तीन कुत्री. कुसळी वाळून भाल्यासारखी झालीय, माझ्या पायमोज्यात घुसते. पुस्तकं वाचून मी इथं नेहमी एक प्रश्न विचारतो, लांडग्याने कोकरू नेलं तर धनगर त्याला लांडग्याचा वाटा मानतात म्हणे.

आबा तंबाखू मळता मळता हसतात. “वाटा कसला पाव्हणं. कुत्री झोपली व्हती.” जरा थांबून म्हणतात, “पर त्येला मारून काय करायचं? आज ह्यो न्हेतो, उद्या त्येचा भाऊ.” सकाळी मॅडम जे बोलल्या तेच, दुसऱ्या भाषेत.

“भरपाई मागितली का?”

“मेल्यालं जनावर जाग्यावर ठिवायचं, अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं. कळपानं तवर कुठं थांबायचं? आन् लांडगं ठिवतंय का मागं काय?”

समोरच्या उतारावर वनखात्याचे चर खणलेत, ओळीने, आणि त्यांत गिरिपुष्पाची रोपं लावलेली. बाकीच्या माळाला पाठ दाखवून उभी असलेली ती हिरवी हजेरी. खालचं पवन्या, मारवेल त्यामुळे मोडलं. आबांचं म्हणणं सरळ आहे : गवत हटवून झाड लावलं, झाड मेंढी खात नाही, आणि वर कुंपण. मेंढी आत गेली की दंड. लांडगा, खोकड, चिंकारा, पखुर्डी आणि मेंढी हे सगळे एकाच ताटात जेवणारे आहेत. ताटावर मात्र कुणाचंच नाव नाही.

मी विचारतो, माळढोक बघितलाय का कधी?

“बघितलाय की. पोर व्हतो. बा संगं मोहळाकडं मेंढरं न्हेली व्हती. लांबनं वाटलं कुणी माणूसच उभाय पांढरा सदरा घालून.” आबा हात छातीएवढा उंच धरतात. “चालत गेला. उडला न्हाय. आम्हांस्नी बघून मान वर करून, तालेवार पाटलावानी चालत गेला.”

एवढंच. पण ते सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, लांडग्याच्या वेळी बदलला नव्हता.

संध्याकाळी ६.५०

टेबलाशी बसतो. बातमी अडीचशे शब्दांची. ‘दहशत’ शब्द गाळून लिहायची मी स्वतःशी पैज लावतो. ठसे, कॅमेरे, रात्री एकट्याने पाणी धरायला जाऊ नये, कोपीभोवती उजेड ठेवावा, मुलांना मधे झोपवावं. दहा मिनिटांत होते.

मग तळाशी एक परिच्छेद जोडतो, कुणी न मागितलेला. बिबट्याच्याच पहिल्या अनुसूचीत माळढोकही आहे. आपल्याच जिल्ह्यात, नान्नजला, अवर्षणप्रवण योजनेतून गवत राखलेल्या तुकड्यांवर सत्तरच्या दशकात तो दिसायला लागला, सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींसारख्यांनी त्याची नोंद जगापुढे ठेवली. १९७९ साली सरकारने अभयारण्य जाहीर केलं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर मिळून. अख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे नकाशावर केवढा मोठा ब्रश फिरवला असेल बघा. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, बागायती आल्या. आणि कायद्याचं विसावं कलम म्हणतं, अधिसूचना निघाली की त्या हद्दीत वारसाहक्काखेरीज जमिनीवर नवा हक्क मिळवता येत नाही. खरेदीखतं अडली, बिगरशेती अडली. पोरीच्या लग्नाला एक एकर विकायला निघालेल्या माणसाला जेव्हा कळतं की आड आलाय तो एक पक्षी, आणि तो त्याने जन्मात बघितलेला नाही, तेव्हा तो माणूस त्या पक्ष्याचा कसा होईल? जिल्ह्यातले पुढारी वर्षानुवर्षं मुंबईत हे मांडत राहिले आणि चुकीचं मांडत नव्हते. शेवटी समिती बसली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१२ मध्ये हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. लोक सुटले. तोवर पक्षीही हाताबाहेर गेला होता.

ही रडकथा म्हणून मी लिहीत नाही, हिशेबाची चूक म्हणून लिहितो. जिथे सरकारचा स्वतःचा माळ होता तिथे चर खणून झाडं लावली, आणि जिथे लोकांच्या खासगी जमिनी होत्या तिथे अभयारण्य घोषित केलं. उलटं करता आलं असतं. मादी वर्षाकाठी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला लागतं ते फक्त न नांगरलेलं, न खणलेलं, न कुंपलेलं गवत. आबांच्या मेंढ्यांनाही साधारण तेच लागतं. आज सगळ्या देशात दीडशेच्या आत माळढोक उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथल्या विजेच्या तारांवरून सर्वोच्च न्यायालयात २०२१ ला एक आदेश झाला आणि २०२४ ला तो सैल झाला, कारण सूर्यप्रकाशाची वीजही हवीच आहे. नान्नजला आता एखादी मादी दिसली की तिची बातमी होते.

पाणी आलं, ऊस आला. एक गेला आणि दुसरा आला, दोघेही एकाच यादीतले. जो आला तो चावतो, म्हणून आज त्याचं सोंग घेऊन आमदार विधानभवनात पोचले. माळढोकाचं सोंग कोण घेणार? तो सभागृहात पोचला होता तो अडथळा म्हणून, आणि हद्द कमी झाली त्या दिवशी त्याचं कामकाज संपलं.

परिच्छेद अडीचशे शब्दांच्या बातमीपेक्षा लांब झालाय. तरी पाठवतो.

रात्री ९.२०

डेस्क : “तळाचा भाग काढला. जागा नाही. रविवारी बघू.” रविवारी बघू म्हणजे काय हे मला वीस वर्षांत कळलंय. पान फोनवर येतं. वर ठिपक्यांचा वेश चार कॉलम. खाली आमची दोन कॉलम, मथळा : ‘नीरेकाठच्या शिवारात बिबट्याचा वावर’. ‘दहशत’ नाही, म्हणजे पैज जिंकलो.

मॅडमना पान पाठवतो. त्या अजून बाहेरच आहेत; दुसऱ्या गावातून फोन आलाय, मांजर निघालं. शेतकऱ्याच्या मुलालाही पाठवतो. तो ते टोळीच्या मुकादमाला वाचून दाखवतो आणि दहा मिनिटांनी मला आवाजी निरोप येतो. मागे कोपीसमोरच्या जाळाचा तडतडाट, एक मूल रडतंय, आणि मुकादमाचा मफलरातून आलेला आवाज :

“साहेब, आमच्या बीडकडं वावर म्हंजी शेत. बिबट्याचं वावर छापलंय ना तुम्ही? मंग त्याच्या वावरातला ऊस त्यालाच तोडू द्या. आम्ही उद्या बी जात नसतो.”